ह्यांच्या तोंडाचा तपास

माझ्या नवऱ्याचं तोंड नेमकं कधीपासून पडलं, हे मी नातीच्या फोनमधल्या फोटोंवरून शोधून काढलं. गणपतीत हे हसत होते. हातात मोदकाचं ताट आणि हसून हसून डोळे बारीक झालेले. दिवाळीत अर्धे हसत होते. संक्रांतीला बाकी सगळे हसताहेत आणि हे कडेला आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखे. त्यानंतरच्या एकाही फोटोत ह्यांचे दात दिसत नव्हते. होळीच्या फोटोत गालाला गुलाल आणि चेहरा मात्र सुतकी.

"आजी, तू हे काय करतेयस?" नातीनं विचारलं. ती अठरा वर्षांची. तिचं कॉलेज आमच्या कर्वेनगरच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून सोमवार ते शुक्रवार ती आमच्याकडे असते आणि शनिवारी धायरीला आईबाबांकडे जाते.

"तपास."

"कसला?"

"तुझ्या आजोबांच्या तोंडाचा. हा माणूस माझ्यावर रुसलाय आणि कबूल करत नाहीये."

"आजोबा आणि रुसलेत? काहीही हं आजी. ते जगातले सगळ्यात चिल आजोबा आहेत."

"तुला काय कळतंय. तू अठरा वर्षं बघतेयस, मी सत्तेचाळीस."

आमचं भांडण व्हायचं ते दणक्यात व्हायचं आणि रात्रीची पानं घ्यायच्या आत मिटायचं. चार-चार महिने टिकेल असा रुसवा ह्या घरात कधी आलाच नव्हता. त्यामुळे मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे माझ्यावर रुसलेत का, आणि रुसले असतील तर कशानं? ह्याच्या पुढचाही एक प्रश्न होता, पण तो मी स्वतःलासुद्धा मोठ्यानं विचारला नव्हता. ह्या माणसाला आता माझा कंटाळा आला असेल, तर ह्या वयात मी काय करायचं?

तोंडं वाचणं हा तसा माझा पेशाच. एका मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रुजू झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्या तेवीस वर्षांच्या बाईंची आज मला कीव येते आणि हसूही येतं. खळ घातलेली सुती साडी, पर्समध्ये दोन पेनं, आणि चेहऱ्यावर भाव असा की कालच लंडनहून उतरलेय. प्रत्यक्षात लोणावळ्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

शाळेच्या वाचनालयात इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात उदास दिसणाऱ्या, रडवेल्या, कावलेल्या माणसांवर दोन अख्खी पानं होती, आणि नेमकी ती दोन पानं मला भारी आवडली. आपल्याकडे माणसाचं तोंड पडतं, इंग्रजाचं लांब होतं, लाँग फेस. आपण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतो, त्यांच्या ओठांची टोकं खाली ओघळतात आणि ते होतात डाउन इन द माउथ. हँगडॉग म्हणजे मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा, मान खाली घातलेला ओशाळा चेहरा. आणि माझा सगळ्यांत लाडका, फेस लाइक अ वेट वीकएंड. सुट्टीच्या दोन्ही दिवशी पाऊस लागल्यासारखं तोंड.

हा शेवटचा शिकवला तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पण सुट्टीच्या दिवशी पाऊस लागला की आम्ही सिंहगडावर जातो. कांदाभजी खातो. मग तोंड कशाला पडेल?" वर्ग हसला. प्रश्न किती चांगला होता! पण लंडनच्या बाईंना तो कुठला पेलायला? "पुस्तकात आहे तसं लिहा," मी म्हटलं, "आणि भजीचा विचार मधल्या सुट्टीत करा."

मुलींना नुसतं पाठ करायला लावायचं नाही, करून दाखवायला लावायचं, अशी माझी आधुनिक पद्धत होती. एकदा मी "शो मी अ लाँग फेस!" म्हटलं आणि चाळीस मुलींनी एकदम हनुवट्या खाली ओढल्या. नेमक्या त्याच क्षणी मुख्याध्यापिका बाई दारात. त्यांनी वर्गावर एक नजर टाकली, पदर सावरला आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

अंडर अ क्लाउड हाही मी त्याच यादीत घातला होता. डोक्यावर ढग आला म्हणजे माणूस उदास, असा माझा सरळ तर्क. असं अकरा वर्षं शिकवलं. मग तपासणीला आलेल्या एका बाईंनी वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्याचा अर्थ उदास असा नाही, ज्याच्यावर संशय आहे असा आहे. चूक कबूल करतील तर त्या लंडनच्या बाई कसल्या! मी गार आवाजात म्हटलं, "त्यात फार फरक नाही हो. ज्याचं तोंड पडलेलं असतं, त्यानं काहीतरी केलेलंच असतं." आज हे लिहिताना कान गरम होतात. पण खोटं कशाला बोलू, सत्तरी उलटली तरी माझं मत तेच होतं.

लग्नानंतर हे वाक्प्रचार मी घरी आणले. पेठेत दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. नवराबायकोनं एकमेकांशी चार शब्द बोलायचे तर ते सासूबाईंच्या कानांवरून जाणार. हे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे आणि सहा वाजता घरी यायचे. मी दारातच हातातली पिशवी घेता घेता पुटपुटायचे, "टुडे, वेट वीकएंड." म्हणजे आज सासूबाईंचं काही खरं नाही, जपून बोला. ह्यांना हसू आवरायचं नाही. चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकून हसायचे. ह्या गुप्त भाषेचा आम्हाला दोन वर्षं केवढा अभिमान होता! मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता, मान वर न करता, सासूबाई मला म्हणाल्या, "आज तो आला की सांग त्याला, आई वेट वीकएंड नाहीये. नुसती दाढ दुखतेय."

त्यानंतर गुप्त काही उरलं नाही, पण सवय उरली. ह्यांचा चेहरा जरा उतरलेला दिसला की मी त्यातलाच एखादा फेकायचा आणि ह्यांनी हसायचं. सत्तेचाळीस वर्षांत हा उपाय कधी फुकट गेला नव्हता. आता सकाळी चहा देताना मी म्हणायचे, "आज काय, वेट वीकएंड?" हे नुसते बघायचे. पापणीसुद्धा हलवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी "लाँग फेस का?" तिसऱ्या दिवशी हँगडॉग. मग माझा आवाज चढायला लागला. "अहो, कसलं तोंड केलंय! मी काय पाप केलंय ते तरी सांगा."

"काही नाही गं," एवढंच हे म्हणायचे, तेही तोंडातल्या तोंडात.

इथून माझा संशय बळावला आणि मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंदी करायला लागले. दुधाच्या खाड्यांच्या बाजूला, बारीक अक्षरात, तारीखवार. नोंदी पुष्कळ जमल्या, कारण एकदा शोधायला लागलं की सापडतंच.

ह्यांचं अक्षर नकाशे काढणाऱ्याचं, टपोरं, दुरून वाचता येईल असं. वाण्याच्या यादीत ते बारीक व्हायला लागलं. 'साखर' ठीक, 'रवा' त्याहून लहान, आणि शेवटची 'जिरे-मोहरी' मुंगीनं लिहिल्यासारखी. मी ठरवलं, मला वाचता येऊ नये म्हणून लिहितात. फोनवर बोलताना आवाज खाली, समोरचा सारखा "काय? काय?" करणार. मी ठरवलं, मी ऐकू नये म्हणून. सकाळी न्हाणीघरात जायचे ते शर्टाची बटणं लावून बाहेर यायला पंचवीस मिनिटं. मी दाराला कान लावला. आत काही चाहूल नाही. मी ठरवलं, आत बसून कोणाला तरी मेसेज करतात. मग पाहिलं तर फोन बाहेर टीव्हीवर. संशय त्यानं कमी झाला नाही. उलट वाटलं, दुसरा फोन असणार.

एकदा दूध उतू जाऊन भांडं काळं ठिक्कर पडलं. घरभर जळका वास. मी खाली भाजी घ्यायला गेले होते. आले तर हे गॅसपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

"अहो, नाक आहे की नाही तुम्हाला?"

"काय झालं?"

"दूध करपलं!"

"हो का?" आणि चेहरा तसाच, कोरा.

हा माझा अपमान करण्यासाठीच केलेला प्रकार, हे मी लाल पेनानं लिहिलं.

कारणही मला सापडलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांचा मेळावा झाला होता. माझ्या हातात माईक आला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा स्वतः चहा करायला घेतला आणि चहाच्या पावडरीऐवजी काळं मीठ टाकलं, तो किस्सा मी रंगवून सांगितला. टाळ्या पडल्या. शेजारच्या काकूंना ठसका लागला. फक्त हे दुसऱ्या रांगेत ढिम्म बसले होते, एकटक माझ्याकडे बघत. फोटोतला चेहरा बंद झाला तो त्याच्या पुढच्याच आठवड्यात. सगळं जुळलं!

मग मी प्रायश्चित्त सुरू केलं. गुळाच्या पोळ्या झाल्या, घोसाळ्याची भजी झाली, पुरणही घातलं. हे खायचे, "छान झालंय" म्हणायचे, आणि चेहरा असा की बारशाला नाही, दहाव्याला जेवताहेत. तुपाची वाटी त्यांच्याकडे सरकवताना माझा हात थांबायचा. खोटं 'छान' मला कळतं. एकतीस वर्षं मुलींचं "अभ्यास झाला बाई" ऐकलंय.

मग एक दिवस भाजीवाल्याच्या गाडीपाशी हास्यक्लबातल्या एक बाई भेटल्या. हे रोज सकाळी साडेसहाला टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जवळच्या बागेतल्या हास्यक्लबाला जातात, गेली सात वर्षं.

"काका बरे आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"का बरं?"

"नाही, तीन आठवडे दिसले नाहीत क्लबात. आम्हाला वाटलं, गावाला गेले."

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. तीन आठवडे! आणि हे रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडत होते, साडेसातला परत येत होते, आणि मी विचारलं की सांगत होते, "झाला हास्यक्लब."

त्या संध्याकाळी मी नातीकडे तिचे दोन स्कार्फ मागितले. पुण्यातल्या मुली स्कूटरवर बसताना डोळे सोडून सगळं डोकं गुंडाळतात तसले.

"दोन कशाला?"

"एक तुला, एक मला. उद्या सकाळी आजोबांच्या मागावर जायचंय."

"आजी, हे स्टॉकिंग आहे. लिटरली."

"असू दे. सत्तेचाळीस वर्षं ह्या माणसाचे डबे भरलेत. मला तेवढा हक्क आहे."

मग तिनंच मला स्कार्फ बांधून दिला, मागे गाठ मारून, आणि म्हणाली, "आपण दोघी दरोडेखोर दिसतोय." मला आरशात बघून बरंच वाटलं. वयाच्या सगळ्या खुणा त्या फडक्याखाली गेल्या होत्या.

सकाळी हे बाहेर पडले. आम्ही अंतर ठेवून मागे. हे फार सावकाश चालत होते, पावलं लहान लहान, जवळजवळ घासत. मला वाटलं, मागे कोणी आहे का याचा अंदाज घेताहेत. डावा हात हलत होता, उजवा मात्र अंगाला चिकटलेला. मी नातीला कोपरानं ढोसलं. "उजव्या मुठीत काहीतरी लपवलंय बघ."

बाग आली. आतून हास्यक्लबाचं 'हा हा हा' ऐकू येत होतं. हे फाटकापाशी थांबले, आत बघितलं आणि पुढे गेले. पुढच्या गल्लीत दुकानांची रांग आहे, सगळी शटरं खाली. त्यातल्या चष्म्याच्या दुकानाबाहेरच्या खांबाला उभा आरसा लावलेला आहे, गिऱ्हाईकांना उजेडात फ्रेम बघता यावी म्हणून. हे त्या आरशासमोर जाऊन उभे राहिले. डावीकडे-उजवीकडे बघितलं. आम्ही रसवंतीच्या बंद गाडीमागे दडलो.

ह्यांनी दोन बोटं तोंडाच्या दोन कोपऱ्यांना लावली आणि ओठ वर ढकलले. तसेच धरून ठेवले. मग बोटं काढली. चेहरा हळूच खाली आला, पूर्वीसारखा झाला. पुन्हा बोटं लावली. मग हास्यक्लबात करतात तसे दोन्ही हात आकाशाकडे फेकले. डावा वर गेला. उजवा खांद्यापर्यंत जाऊन थांबला. मूठ उघडी होती. तिच्यात काही नव्हतं.

ह्यांना पकडल्यावर काय बोलायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "सापडलात!" असंच म्हणणार होते. नातीनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही मागे फिरलो आणि आडवाटेनं घरी आलो. मी स्कार्फ सोडला आणि चहाचं आधण ठेवलं.

साडेसातला हे आले. टोपी खुंटीला लावली.

"कसा झाला हास्यक्लब?"

"नेहमीसारखा."

"चष्म्याच्या दुकानासमोर भरतो का हल्ली?"

हे खुर्चीत बसले. मला त्या चेहऱ्यावर राग शोधायचा होता, अपराध शोधायचा होता, आणि तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मग त्या नव्या बारीक आवाजात म्हणाले, "त्या क्लबाच्या प्रमुखांनी मला मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. माझा चेहरा बघून समोरच्यांचं हसणं मोडतं म्हणाले. मी मागे गेलो. मग एकजण म्हणाला, काका, घरी काही अडचण आहे का? मग जाणंच सोडलं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू पण रोज तेच म्हणतेस. कसलं तोंड केलंय, कसलं तोंड केलंय. मी करत नाही गं तोंड. मी हसतो. ते वर येतच नाही."

"म्हणजे? मेळाव्यात मी काळ्या मिठाचा किस्सा सांगितला तेव्हा?"

"पोट दुखेपर्यंत हसलो मी."

"अहो, दगडासारखे बसला होता तुम्ही!"

"मला काय माहीत कसा बसलो होतो? मला आतून हसतोय असंच वाटत होतं. फोटो बघितला तेव्हा कळलं." हे म्हणाले, "मला वाटलं, डोक्यात काहीतरी बिघडायला लागलंय. तुला सांगितलं तर तू घाबरशील."

नात दारात उभी होती. "आजी," ती म्हणाली, "आता तपास पुरे. डॉक्टर."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी ह्यांना बोटं भराभर एकमेकांवर टेकवायला लावली, खोलीत चालायला लावलं, कागदावर एक वाक्य चारदा लिहायला लावलं. चौथ्या वेळी ते वाक्य मुंगीनं लिहिलं.

"अक्षर कधीपासून लहान झालंय, काही अंदाज?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधून कॅलेंडरची पानं काढली. पुरावा म्हणून फाडून आणली होती. कोणाविरुद्ध द्यायचा ते मात्र घरून निघताना नीट ठरलं नव्हतं.

"फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"आवाज?"

"त्याच्याही आधी. जानेवारी अखेर."

"वास येतो का सगळा?"

"दूध करपलेलं कळलं नाही," मी म्हटलं, आणि तारीख सांगितली. ती लाल पेनातली होती.

बटणं, चालणं, उजवा हात, पापण्या, सगळ्यांच्या तारखा माझ्याकडे होत्या. बाई लिहीत गेल्या आणि शेवटी मान वर करून म्हणाल्या, "काकू, पेशंटच्या घरच्यांनी इतक्या बारकाईनं माहिती ठेवलेली मी फार क्वचित बघते. किती काळजीनं लक्ष ठेवलंत तुम्ही."

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. नात खाली मान घालून बुटांची लेस बांधायला लागली. तिच्या बुटांना लेस नव्हती. हे मात्र डॉक्टर बाईंना म्हणाले, "हो ना, फार लक्ष असतं हिचं." टोमणा होता की कौतुक, चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"कंपवात आहे," बाई म्हणाल्या.

"अहो पण ह्यांचे हात कुठे कापतात?" मी ताडकन म्हटलं. मला वाटलं, आता ह्याही काहीतरी लपवताहेत.

"सगळ्यांचे कापत नाहीत. काहींचं नुसतं आखडत जातं. चालणं, अक्षर, आवाज, आणि चेहरा. चेहऱ्याचे स्नायू ताठरले की भाव उमटत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, माणूस उदास आहे, चिडलाय. काका, तुम्ही उदास आहात का?"

"नाही हो," हे म्हणाले. "थोडा कंटाळलोय. सगळे मला, काय झालं, काय झालं, विचारतात त्यानं."

पूर्ण बरं होणारा आजार नाही, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पण गोळ्या आहेत, वेळेवर घ्यायच्या. व्यायाम आहेत. बरीच वर्षं नीट जाऊ शकतात. मी बाहेर येऊन त्या दवाखान्याच्या बाकावर बसले आणि रडले, आणि त्या रडण्यात थोडंसं बरं वाटणंही होतं, ह्याची मला अजून लाज वाटते. माणूस आजारी होता, आणि मला आत कुठेतरी हायसं वाटत होतं, की तो माझ्यावर रुसलेला नाही.

आता गोळ्यांचे गजर नातीनं माझ्या फोनवर लावून दिलेत. दिवसातून चार. अक्षर थोडं मोठं झालंय, 'जिरे-मोहरी' चष्म्याशिवाय वाचता येते. उजवा हात कानापर्यंत जातो. चेहरा चार आणे परत आलाय. पुरा येईल असं डॉक्टर बाई म्हणत नाहीत आणि मी विचारत नाही.

मधे एकदा मी त्या हास्यक्लबाच्या प्रमुखांना भेटून आले. ह्यांना न सांगता. सकाळी सव्वासातला, सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी काय बोलले ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य लिहिते. "साहेब, तुमचं हसणं साडेसहाला सुरू होतं आणि सव्वासातला बंद होतं. आमच्याकडचं दिवसभर चालू असतं. ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच." मागे लाफ्टर योगाचा बोर्ड, पुढे वीस-पंचवीस माणसं, आणि त्या प्रमुखांना हसावं की माफी मागावी हे कळेना. त्यांनी दोन्ही एकदम करायला घेतलं. तोंड उघडलं ते अर्धं उघडंच राहिलं, आणि वरची कवळी सुटून खाली टेकली. हात जोडलेले असल्यामुळे त्यांना ती आत ढकलताही येईना.

घरी येऊन मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे खिडकीपाशी खुर्चीत. कवळीपर्यंत आले आणि माझं मलाच हसू आवरेना. वर बघितलं तर समोर तोच कोरा चेहरा, डोळे माझ्यावर खिळलेले.

पूर्वी मी आणखी तिखटमीठ लावून तेच पुन्हा सांगितलं असतं, किंवा फणकाऱ्यानं उठून गेले असते. आता मी विचारते.

"अहो, हसताय का?"

"केव्हाचा."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही ना?"

ह्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. बनियनखाली पोट गदगदत होतं, थांबायचं, आणि परत गदगदायचं. मी हात काढून घेतला नाही. एका हिसक्यावर विश्वास ठेवणारी मी बाई नाही. चांगली दोन मिनिटं तो तसाच ठेवला.